अक्का, मोटार आणि काळा धूर

श्रीपादराव दिघ्यांचं धोतर सकाळी पांढरं होतं आणि मी मोटार सुरू केल्यावर ते पांढरं राहिलं नाही, एवढीच खरी हकीकत आहे. पण आमच्या कार्तिक चौकाजवळच्या गल्लीत कुठलीही हकीकत एवढ्यावर थांबत नाही. दुपारी कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दत्तोपंत, दिघ्यांच्या घरातलं काही वाचलं का हो?"

धोतर दोरीवर वाळत होतं आणि दोरी मोटारीच्या मागच्या अंगाला होती. मोटारीला मागे एक नळी असते आणि तिच्यातून धूर येतो, हे मला मान्य आहे. पण तो किती यावा आणि किती काळा यावा, याला काही सुमार? त्या सकाळी आला तो धूर लोहाराच्या भात्यासारखा भसाभस आला, दोरीवरच्या धोतरात शिरला, तिथून दिघ्यांच्या माजघरात गेला आणि त्यांच्या पत्नी अंबिकाबाई खोकत खोकत बाहेर आल्या. मी मोटारीत बसून होतो. उतरावं की पळून जावं, हे ठरेना. पळून जायचं तर मोटारीनं जावं लागलं असतं, आणि मोटार तेवढ्यात बंद पडली.

मध्य भारत सरकारच्या साध्या हेडक्लार्काला मोटार कशाला हवी, असा प्रश्न गल्लीनं मला तोंडावर विचारला होता. त्याचं उत्तर देतो. आमचं हे मध्य भारत राज्य एक नोव्हेंबरला संपणार होतं. नवं मध्य प्रदेश राज्य निघणार होतं, त्याची राजधानी भोपाळ, आणि आमचं खातं दप्तरासकट तिकडे हलणार होतं. हुकूम आला होता की ऐन दिवाळी असली तरी एक तारखेला भोपाळात हजर व्हायचं. मी जायला तयार होतो. प्रश्न अक्काचा होता.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचं सासर लवकर संपलं, माझं लग्न राहून गेलं, आणि आम्ही दोघं या गल्लीतल्या दोन खोल्यांत राहत आलो. मला चहासुद्धा करता येत नाही, हे गुपित नाही. पण खरी भीती जेवणाची नव्हती. अक्का उज्जैनात एकटी राहणार, संध्याकाळी दिवा लावून कुणाशी बोलणार, तिला ताप आला तर कुणाला हाक मारणार, हा विचार मला सोडत नव्हता. हुकूम आला त्या दिवशी मी तिला म्हटलं, "अक्का, आपल्याला भोपाळला जायचंय." ती म्हणाली, "आगगाडीनं मी येत नाही रे. कोण कुठे बसतं, कोण कुठे थुंकतं, पाणी कुठलं प्यायचं. मोटार असती तर गोष्ट वेगळी."

मोटार असती तर. मी चार ठिकाणी चौकशी केली आणि मोटार घेतली.

जहागिरी गेल्या तेव्हा जहागीरदारांच्या मोटारीही निघाल्या, त्यातली ही. हिच्या तोंडावर एका कंपनीची पाटी होती आणि आत दुसऱ्याच कंपनीच्या लॉरीचं इंजिन होतं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा हिच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर ही मोटार चालवत. त्यासाठी इंजिनाचं डोकं तासून घेतलेलं. लढाई संपली, भट्टी उतरवली, आणि लॉरीचाच एक कार्ब्युरेटर तिथे चढवला. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांची मिसळ करून इंजिनाला पाजणारं भांडं. एवढ्या फिरवाफिरवीनंतर डॅशबोर्डवर नाना जागी भोकं, खिट्ट्या, बुजवलेल्या दांड्या उरल्या होत्या. कशाचा काय उपयोग, हे विकणाऱ्याच्या ड्रायव्हरनं मला घाईघाईत दाखवलं आणि मी ते घाईघाईत विसरलो.

मोटारीच्या पूजेला अक्कानं लाल फडक्यात नारळ बांधून आणला. "कुठे टांगू रे हा?" तिनं विचारलं. डॅशबोर्डखाली तारेला एक पितळी कडं लोंबत होतं. मी म्हटलं, "त्या कड्याला बांध. ते भट्टीच्या काळातलं आहे, आता कशाच्याच कामाचं नाही." मी हे अशा खात्रीनं सांगितलं की पूजेला जमलेल्या मंडळींपैकी दोघांनी मान डोलावली. अक्कानं नारळ बांधला, हळदकुंकू वाहिलं, आणि मोटार एका दमात सुरू झाली. सुरू ती नेहमीच एका दमात व्हायची. संकट त्यानंतरचं.

तर धोतराचं प्रकरण झाल्यावर मी मोटार फ्रीगंजात नन्नू उस्तादच्या गॅरेजात न्यायचं ठरवलं. निघताना अक्का बाहेर आली आणि तिनं कड्यावरचा नारळ सोडून हातात घेतला.

"तो कशाला काढतेस?"

"गॅरेजात देव नाही न्यायचा. तिथं ते तेलकट हात, त्या बिड्या. तू जाऊन ये, आल्यावर बांधीन."

त्या दिवशी मोटार सुरू व्हायलाच कुरकुर करत होती, पण एकदा झाल्यावर मात्र फ्रीगंजापर्यंत शहाण्या मुलीसारखी चालली. नन्नू उस्तादनं बॉनेट उघडलं. प्लग काढून बघितले, ते काजळीनं माखलेले होते. त्यानं ते घासून परत बसवले, खाली वाकून कुठेसं काही ओढलं, मोटार सुरू केली आणि कान लावून ऐकत उभा राहिला. "बाबूजी, मिक्चर रिच हो गया होगा," तो म्हणाला. "मतलब तेल ज़्यादा, हवा कम. लेकिन अभी तो फूल जैसी चल रही है." मी त्याला धोतराची गोष्ट सांगितली. त्यानं कार्ब्युरेटरचा एक स्क्रू किंचित फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आपके पाँव में वज़न होगा."

माझ्या पायात वजन, म्हणजे मी पेट्रोलचं पेडल दाबून धरतो! माझं सगळं वजनच एवढं आहे की वाऱ्याच्या दिवशी अक्का मला छत्री नेऊ देत नाही. घरी आलो, अक्कानं नारळावर पाणी शिंपडून तो पुन्हा कड्याला बांधला, आणि संध्याकाळी मी मोटार जागची हलवायला गेलो तर पुन्हा तोच धूर, तोच खोकला, तोच पेट्रोलचा भपकारा. मी बूट काढून अनवाणी चालवून बघितली. धूर कमी झाला नाही, फक्त पाय काळे झाले.

गल्लीला आता कामच मिळालं. श्रीपादराव रेल्वेत गार्ड होते. धोतराचा राग बाजूला ठेवून ते रोज सकाळी मोटारीपाशी येऊन उभे राहू लागले. "दत्तोपंत, काळा धूर म्हणजे जोर," ते म्हणाले. "आमचं इंजिन चढावर लागलं की असाच काळा धूर सोडायचं. फिकर नका करू. पांढरा आला तर मला हाक मारा." गल्लीच्या तोंडाशी माणिकराव वैद्यांचा दवाखाना. ते एक दिवस आले, बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "अजीर्ण आहे. खाणं फार, पचन काही नाही. हिला एक दिवस लंघन द्या." मी एक दिवस मोटार चालवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आदल्या दिवसाचाही धूर काढला. वैद्यबुवा म्हणाले, लंघन सोडताना पथ्य पाळलं नाहीत.

या सगळ्यात शांत होती ती अक्का. ती एवढंच करायची, की मोटारीनं त्रास दिला की कुठल्यातरी देवळात जाऊन यायची आणि तिथलं काहीतरी त्या लाल गाठोड्यात बांधायची. पहिल्यांदा हरसिद्धीचं कुंकू आणि ओटीचा खण आला. मग मंगळनाथाची लाल मसूर, चांगली मूठभर. मी म्हणायचो, "अक्का, चांगलं केलंस." आणि मनापासून म्हणायचो, कारण देवळाचा उपाय तेवढाच असा होता की त्यात माझ्या पायांना कुणी दोष देत नव्हतं.

गाठोडं जड होत गेलं आणि धूर दाट होत गेला. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडत होत्या. मी नन्नू उस्तादकडे पुन्हा गेलो. अक्कानं गाठोडं काढून देवघरात ठेवलं. गॅरेजात मोटार गुणी बाळासारखी चालली. उस्तादनं या खेपेला तोंडानं काही म्हटलं नाही, फक्त माझ्या पायांकडे बघितलं. मी मोटार घरी आणली आणि ती पुन्हा धुरावली. मला आता रात्री नीट झोप येईना. आमच्या गल्लीच्या हवेतच काही खोट आहे का, अशी शंका मला आली, आणि मी ती श्रीपादरावांजवळ बोलून दाखवली. तेव्हापासून ते माझ्याकडे जरा जपून बघू लागले.

कचेरीचं वेगळंच. मोटारीचे कागद जहागीरदारांच्या नावावर, ग्वाल्हेर संस्थानाच्या शिक्क्याचे. ते माझ्या नावावर करायला मी संबंधित खिडकीपाशी गेलो. आतल्या बाबूनं कागद उलटसुलट केले. "ये तो रियासत का है," तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच मध्य भारताचे करून द्या. "मध्य भारत तो जा रहा है." मग मध्य प्रदेशाचे करा. "वो अभी आया कहाँ?" म्हणजे मोटार ज्या राज्यात नोंदलेली होती ते वारलेलं, ज्यात उभी होती ते शेवटच्या घटका मोजतंय, आणि जिथं जायचं होतं ते जन्माला यायचं होतं. "तोपर्यंत मी काय करू?" मी विचारलं. बाबू सहानुभूतीनं म्हणाला, "धीरे चलाइए."

मग रामघाटाचा प्रसंग झाला. भोपाळच्या प्रवासाची तालीम म्हणून मी अक्काला मोटारीत बसवून घाटावर नेलं. माझा बेत असा, की तिला मोटारीची सवय व्हावी आणि मोटारीला तिची. उतारावर मोटार चांगली चालली. घाटाच्या वरच्या बाजूला मी ती उभी केली, पण बंद केली नाही, कारण बंद केली तर गरम झाल्यावर ती पुन्हा लवकर सुरू होत नसे. खाली एक गुरुजी कुणाचं तरी श्राद्ध सांगत होते. वारा तिकडेच होता. काही क्षणांत गुरुजी दिसेनासे झाले, यजमान दिसेनासा झाला, आणि त्या धुरातून फक्त मंत्र ऐकू येत राहिले, तेही मध्ये मध्ये खोकल्यासकट. गुरुजी वर आले ते लाल डोळ्यांनी. "अहो, पितरं आली तर त्यांना वाट तरी दिसू द्या!" ते म्हणाले. मी म्हटलं, "गुरुजी, होमाचा धूर चालतो ना तुम्हाला?" हे बोलायला नको होतं. घाटावरच्या सगळ्या मंडळींनी मिळून मोटार ढकलत रस्त्यावर आणून दिली.

आणि या सगळ्या गोंधळात अक्का शांतपणे नदीवर जाऊन, क्षिप्रेच्या पाण्यानं तांब्याचा गडू भरून, त्याचं तोंड मेणानं बंद करून आली. तो गडूही गाठोड्यात गेला. घरी येईपर्यंत मोटार चार ठिकाणी उभी राहिली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हटलं, "अक्का, ही मोटार आपल्याला भोपाळला नेणार नाही."

"बघ बुवा," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात काळजी नव्हती. मला तेव्हा वाटलं की ती मला धीर देतेय, आणि मला भरून आलं.

ऑक्टोबर संपत आला. कचेरीतल्या कपाटांना दोऱ्या बांधल्या गेल्या, खुर्च्या उलट्या होऊन छकड्यांत चढल्या. ज्यांची बायकामुलं उज्जैनातच राहणार होती ते सहकारी एकमेकांना खोल्या भाड्यानं घेण्याच्या गोष्टी सांगत होते. मी कुणाला काही सांगत नव्हतो. मी शेवटचा प्रयत्न म्हणून मोटार पुन्हा फ्रीगंजात न्यायला निघालो. अक्का नेमकी कालभैरवाला गेली होती, त्यामुळे गाठोडं कड्यालाच राहिलं. ती देवळातून परत येईपर्यंत मी थांबायला हवं होतं, पण मला आता दम निघत नव्हता.

फ्रीगंजातल्या घड्याळाच्या टॉवरच्या चौकात हवालदारानं शिट्टी मारली. मी थांबलो. थांबल्यावर धूर मागे राहण्याऐवजी पुढे आला आणि त्यानं हवालदाराला गुंडाळून टाकलं. तो त्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशा होत्या त्यापेक्षा दाट दिसत होत्या.

"ये क्या है?"

"मोटार है," मी म्हटलं.

"वो तो दिख रहा है. काग़ज़?"

मी घाईत कागद काढले आणि ते हातातून निसटून खाली, ब्रेकच्या पलीकडे पडले. ग्वाल्हेर संस्थानाचे कागद एकदा हरवले असते तर ते पुन्हा द्यायला संस्थानच उरलं नव्हतं. मी तिरका होऊन डॅशबोर्डखाली घुसलो, हात लांब केला, आणि माझं डोकं खालून गाठोड्याला लागलं. गाठोडं वर उचललं गेलं.

आणि इंजिनाचा आवाज बदलला.

ते गुरगुरणं, ते अडखळणं, सगळं गेलं. एक सरळ, गोड गुणगुण सुरू झाली, शिवणयंत्र चालावं तशी. मी जागच्या जागी थांबलो. डोकं हळूच खाली घेतलं. गाठोडं खाली आलं, कडं ओढलं गेलं, आणि इंजिन पुन्हा खोकायला लागलं. डोकं वर, गुणगुण. डोकं खाली, खोकला. मी हे किती वेळा केलं कुणास ठाऊक. कड्याची तार भट्टीच्या काळातली नव्हती, ती थेट कार्ब्युरेटरला जात होती आणि तिथलं हवेचं झाकण ओढून घेत होती. नारळ, खण, मसूर आणि क्षिप्रेचं पाणी मिळून माझ्या मोटारीचा श्वास कोंडत होते. थंड इंजिन सुरू करताना क्षणभर ओढायचं ते कडं, मी महिनाभर दिवसरात्र ओढून धरलं होतं. आणि बांध म्हणून सांगणारा मी.

"क्या कर रहे हो?" हवालदारानं वाकून विचारलं.

त्याला दिसत असणार ते एवढंच, की एक मध्यमवयीन गृहस्थ मोटारीत ओणवा होऊन लाल वस्त्रातल्या देवाला पुन्हा पुन्हा डोकं लावतोय आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. तो जरा मागे सरला. त्यानं टोपी नीट केली, गाठोड्याला हात जोडले आणि म्हणाला, "अच्छा, अच्छा. जाइए. पूजा घर पे किया करो."

मी पुढे जाऊन मोटार उभी केली, कड्यावरून गाठोडं सोडलं आणि काचेशेजारच्या एका खिळ्याला नीट बांधलं. मग टॉवरला प्रदक्षिणा घालत राहिलो. मागे वळून बघत होतो. मागे फक्त रस्ता दिसत होता. वाटेत नन्नू उस्ताद गॅरेजाबाहेर उभा होता. मी काच खाली करून त्याला म्हटलं, "वो छल्ला..." तो म्हणाला, "चोक का? ठंडे में खींचने का, फिर छोड़ देने का. क्यों, आपको मालूम नहीं था?" "मालूम था," मी म्हटलं आणि काच वर केली.

गल्लीत मोटार शिरली ती धुराशिवाय. श्रीपादराव म्हणाले, जोर बाहेर पडून गेला, मी सांगितलं होतं. माणिकराव म्हणाले, लंघन उशिरा लागू पडतं. मी दोघांचे आभार मानले. मला खरं सांगणं शक्य नव्हतं. महिनाभर देवळं फिरून अक्कानं जे बांधलं, त्यानंच घात होत होता, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? गल्ली तिला हसली असती. मला हसलेली चालते. मला हसायची गल्लीला सवय आहे.

दिवेलागणीला अक्का देवळातून आली. ती मोटारीपाशी थांबली, आत डोकावली आणि घरात आली. मी उत्साहानं सांगितलं, "अक्का, बरी झाली गाडी! परवा निघू. धूर नाही, आवाज नाही, तू बसून तर बघ."

"बरं," ती म्हणाली आणि दिवा लावायला गेली. वात पेटवताना तिच्या दोन काड्या वाया गेल्या. ती कधी काडी वाया घालवत नाही.

"तुला आनंद नाही झाला?"

ती देवापाशीच बसली. "दत्तू, गाठोडं तू खिळ्याला टांगलंस."

"हो, म्हणजे, ते जरा जड झालं होतं म्हणून..."

"लबाडी करू नको. तुला येत नाही ती. गाठोड्यानंच धूर व्हायचा ना? मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. तू गॅरेजात जायचास तेव्हा मी काढायची, मोटार गुपचूप जायची. बांधलं की खोकायची. तुला कसं नाही दिसलं, तेच मला कळेना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला काय माहीत ते कडं न् ती तार. मला वाटलं, देव बोलतोय." ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. "आपल्या आजोळी कौल लावायचे बघ, देवाला विचारायचे, जाऊ का नको जाऊ. मीही विचारलं. नारळ बांधून विचारलं, तर धूर. म्हटलं, देव म्हणतोय नको. तरी माझ्या मनाची शंका जाईना, म्हणून हरसिद्धीला विचारलं, मंगळनाथाला विचारलं, क्षिप्रामाईला विचारलं. जेवढे देव वाढवले तेवढं सगळ्यांनी आणखी जोरात नको सांगितलं. मला बरं वाटायचं रे. मला तेच हवं होतं."

"तुला यायचंच नव्हतं?"

"आज तू खिळ्याला टांगलंस आणि सगळे देव एकदम गप्प झाले." ती थोडी हसली. "म्हणजे ते कडंच बोलत होतं म्हणायचं."

"अक्का, तुला यायचं नव्हतं तर मला स्पष्ट सांगायचंस."

"तू विचारलंस कधी? 'आपल्याला भोपाळला जायचंय' म्हणालास. मी म्हटलं, मोटार असती तर. म्हटलं, हा कुठून आणणार मोटार? तर तू घेऊनच आलास."

प्लग, स्क्रू, पाय, गल्लीची हवा, एकेकाला विचारून झालं होतं. शेवटी मी पाटावर तिच्यासमोर बसलो. मला फार भीती वाटत होती, हवालदारापेक्षा जास्त. "अक्का," मी म्हटलं, "मला तुझ्याशिवाय करमणार नाही. भोपाळला माझ्याबरोबर येतेस का?"

तिनं दिव्याची वात जरा पुढे सारली.

"येईन," ती म्हणाली. "पण तुझ्याबरोबर नाही. तू पुढे हो. दिवाळी मी माझ्या घरात करीन. आणि भाऊबीजेला मला न्यायला ये."

"कशाला एवढी यातायात? परवा एकदमच..."

"ऐक तर. शेजारच्या अंबिकेचा भाऊ दरसाल जावऱ्याहून येतो. ती सकाळपासून दारात उभी, दहादा मला सांगते, भाऊ येणार माझा. आपलं काय? तू आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यायचास आणि पाटावर बसायचास. एवढ्या वर्षांत माझा भाऊ गावाहून म्हणून कधी आला नाही रे." "आता भोपाळचा झालास तर एकदा ये ना. मोटारीनं ये. हॉर्न वाजवत ये, गल्लीला ऐकू जाऊ दे."

मी एकटाच भोपाळला गेलो. नव्या राज्यात हजर झालो. टेबल मिळालं, खुर्ची अजून यायची होती, उभ्यानं सही केली. दिवाळीत खोलीवर बसून हॉटेलातला चिवडा खाल्ला. भाऊबीजेला अंधार असतानाच मी मोटार काढली. सीहोर, आष्टा, देवास, सगळ्या रस्त्यात मी मागे वळून धूर बघत होतो, आणि धूर नसल्यामुळे आणखीच घाबरत होतो. टायर फुटला तर, पाणी तापलं तर, पोचलोच नाही तर, अक्का दारात उभी राहील आणि अंबिकाबाई विचारतील, काय हो, आला नाही का भाऊ?

पण मोटार पोचली. गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि हॉर्न दाबला. दवाखान्यातून वैद्यबुवा बाहेर आले, दिघ्यांच्या ओट्यावर अंबिकाबाई आणि त्यांचा जावऱ्याचा भाऊ उभे राहिले, खिडक्या उघडल्या. अक्का आमच्या दारात होती. तिनं जपून ठेवलेलं, मोतिया रंगाचं लुगडं नेसलं होतं. ती पुढे आली नाही, हात हलवला नाही. पायरीवर ताठ उभी राहून मोटारीकडे अशी बघत होती, जणू ती मोटार तिनं आज पहिल्यांदाच बघितली.

अंबिकाबाईंना समोर सगळं दिसत होतं. तरी त्यांनी, काय समजायचं ते समजून, मोठ्यानं विचारलं, "कोण आलं हो अक्का?"

"माझा भाऊ आलाय," अक्का म्हणाली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "भोपाळहून आलाय."

मला खाली उतरायचं सुचेना. माझा हात अजून हॉर्नवरच होता, आणि हॉर्न वाजतच राहिला.